सज्जनरावांचा आवाज

"तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का रं?" शेजारच्या खुर्चीतली बाई उभी राहून इतक्या जोरात ओरडली, की शुभांगीच्या हातातली दाण्यांची पुडी मांडीवर सांडली. प्रश्न रेसलिंगच्या रिंगमधल्या माणसाला होता. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीची पँट, डोळ्यांवर चष्मा, हातात माईक. तो दोरांच्या मधोमध उभा होता आणि आपल्याला कुणी काही विचारलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. शुभांगीची मात्र कानशिलं तापली. ती आई तीच होती. पण हे त्या बाईला कुठून ठाऊक असणार? बाईचं नाव सुमनबाई. मखमलाबादला त्यांची झेंडूची शेती, लग्नसराईत या मंगल कार्यालयाला फुलं त्याच पुरवत, म्हणून मालकानं त्यांना पास दिला होता. एवढं त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं, आणि "ताई, तुमी कोनासंगं आल्या?" असं विचारल्यावर शुभांगी "एकटीच" म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. नवऱ्याला, नाथारावांना, तिनं विचारलं होतं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, जाऊन या तुम्ही. रविवारची भर दुपार होती. नवरानवरीचं सिंहासन भिंतीकडे सरकवून हॉलच्या मध्यभागी रिंग उभारली होती, वर झुंबरं तशीच लटकत होती, खुर्च्यांना लग्नातली सॅटिनची कव्हरं होती. हॉल निम्माच भरलेला. कॉलेजची पोरं, लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं, आणि सातपूरहून आलेला एक मोठा घोळका. तो घोळका ओमचा. ओम म्हणजे आजचा हिरो, त्यांच्याच गल्लीतला पोरगा. "ओम! ओम!" असा गजर सुरू झाला तेव्हा क्षणभर आपण पंचवटीतल्या एखाद्या देवळातच बसलोय असं शुभांगीला वाटलं होतं. आणि त्या गजरातच हा दुसरा आत आला, शांतपणे, रुमालानं दोर पुसून. त्यानं पंजा किंचित खाली दाबल्यासारखा केला आणि म्हणाला, "बसा. बसून घ्या सगळे. उभं राहिलं म्हणून जास्त कळतं असं नसतं." त्यावर सुमनबाई उठल्या होत्या.

आईवरून ओरडले. म्हणजे जमलं, असं शुभांगीच्या मनात आलं, आणि त्या विचाराचं तिचं तिलाच नवल वाटलं. पण तो विचार आईचा नव्हताच, तो गेली पंचवीस वर्षं तिच्यात बसलेल्या त्या दुसऱ्या बाईचा होता, जिला घरात कुणी ओळखत नव्हतं. सटाण्याहून लग्न होऊन ती पंचवटीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आली तेव्हा ओझरच्या कारखान्याची बस नाथारावांना सकाळी घेऊन जाई ती संध्याकाळी आणून सोडी. मधला सगळा दिवस तिचा आणि टीव्हीचा. बायकांच्या रडारडीच्या मालिका तिला बघवत नसत. एकदा चॅनल बदलता बदलता परदेशी रेसलिंग लागलं, तिला तो उजेड दिसला, त्या उजेडातून चालत येणारा एक अगडबंब माणूस दिसला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं तोंड उघडून एकाच सुरात काहीतरी ओरडत होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी माणसं एकदम आणि एवढ्या मोकळ्या गळ्यानं ओरडू शकतात, हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या माहेरी मोठ्यानं हसलेलं चालत नसे, सासरी मोठ्यानं बोललेलं. त्या दिवशी दूध उतू गेलं ते तिला कळलंसुद्धा नाही. मग रोजचीच गोष्ट झाली ती. पुढं सुयश झाला, तो मांडीवर बघता बघता झोपी जायचा आणि सकाळी उठल्या उठल्या दात घासायच्या आधी विचारायचा, कोण जिंकलं? ती त्याला सगळी मॅच पुन्हा सांगायची, पोळ्या लाटता लाटता, लाटणं हवेत धरून.

तिची मतं होती. कुणी विचारत नव्हतं म्हणून ती आतल्या आत पिकत गेली आणि चांगली पक्की झाली. सगळं खोटं असतं गं ते, असं सगळेच म्हणत. तिला त्यावर वाद घालावासाही वाटत नसे. ठरवलेलं असतं हे तिलाही कळत होतं. पण एवढ्या उंचीवरून माणूस पाठीवर आपटतो तेव्हा खालच्या फळीला थोडंच ठाऊक असतं की हे ठरलेलं आहे? तिचं म्हणणं असं, की मारामारी ही मॅचमधली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. मधलं थांबणं बघावं. एक जण पडलाय, दुसरा उभा आहे, आणि उभा असलेला लगेच काही करत नाही, मान वळवून लोकांकडे बघतो. त्या एवढ्याशा वेळात सगळी मॅच असते. ज्याला तो वेळ धरता येत नाही त्यानं घरी बसावं. इंग्रजी तिला बेताचंच येई, त्यामुळे माईकवरची भाषणं, ज्यांना सुयश पुढं प्रोमो म्हणायला लागला, ती तिनं शब्दांशिवाय ऐकली. नाथाराव घरी असले की आवाज अगदीच बारीक करावा लागे, मग तर नुसत्या मानेच्या शिरा आणि खांदे बघून. म्हणूनच बहुधा तिला लवकर कळलं की ओरडणाऱ्याकडे लोक बघतात, पण हळू बोलणाऱ्याकडे झुकतात. आणि खरा कस व्हिलनचा. हिरोला काय, येऊन हात वर केला की झालं. व्हिलननं आपला तिरस्कार कमवावा लागतो, कणाकणानं, आणि तो पुरता कमावून झाला की हिरोच्या पायाशी नेऊन ओतावा लागतो. जो व्हिलन मधेच डोळा मिचकावतो, मी तसा वाईट नाही हं असं सुचवतो, त्याची तिला चीड होती. गर्दीबद्दलही तिचं असंच होतं. काही गर्द्या बघायला येतात आणि काही स्वतःलाच दाखवायला. मॅच चालू असताना आपलीच गाणी म्हणणारी गर्दी बघितली की तिला नवरदेवाला विसरून बँडपुढं नाचत सुटलेलं वऱ्हाड आठवे. पण खरी गर्दी, ऐकणारी गर्दी, ती जेव्हा श्वास रोखते आणि एकदम सोडते, तेव्हा शुभांगीला वाटे की देव असलाच तर त्याचा आवाज असा असेल. कोरोनाच्या वर्षात रिकाम्या हॉलमध्ये मॅचेस झाल्या. रिकाम्या खुर्च्यांपुढं दोन माणसं एकमेकांना आपटत होती, आणि ऐकू येत होता फक्त फळीचा आवाज आणि त्यांचा श्वास. सुयश तेव्हा कॉलेजात होता. दोघं मायलेकरं शेजारी बसून बघत होती. तिला भीती वाटली होती. कुणी नाही बघायला, आणि तरी मारतायत.

त्यानंतरच त्यानं ठरवलं असावं. पुण्याला जिममध्ये नोकरी धरली, आणि एक दिवस फोनवर म्हणाला, आई, मी शिकतोय ते. कुठलं ते, हे तिनं विचारलं नाही. सुयश म्हणजे वर्गात हजेरी देतानाही ज्याचा आवाज मास्तरांना ऐकू जायचा नाही असा मुलगा. हिरो का व्हिलन, एवढंच तिनं विचारलं. तो हसला. व्हिलन. मग तिनं त्याला बजावलं, की गावाला शिव्या देऊ नकोस, ते फार स्वस्त असतं. कुठंही जाऊन तुमचं गाव घाणेरडं म्हटलं की लोक ओरडतातच, त्यात तुझं काय? तो म्हणाला, नाही देणार, तू बघच. आता ती बघत होती. रिंगमधलं त्याचं नावही तिला आजच कळलं होतं, दारावरच्या फ्लेक्सवर वाचून. सज्जनराव.

"तुम्ही ओरडताय," सज्जनराव माईकमध्ये म्हणत होते, "ओरडा. मला राग नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्या वेळात सातपूरकरांनी चार नावं ठेवून घेतली. सगळं थांबेपर्यंत ते थांबले आणि मग अजूनच हळू बोलले, इतकं हळू की मागच्या रांगेतली पोरं पुढं सरकली. "ओमला मी दोष देत नाही. चांगला मुलगा आहे. त्याला बिचाऱ्याला झेपत नाही, एवढंच. आता तुम्ही त्याला डोक्यावर घेता. असू द्या. तुमच्या चांगल्यासाठीच सांगतो मी, पण असू द्या. तुम्हाला नाही कळायचं ते." शुभांगीच्या आतली जाणकार बाई थक्क होऊन ऐकत होती. थांबणं कसं धरलंय! आवाज खाली नेला आणि अख्खा हॉल पुढं ओढला, गावाला एक शब्द लावला नाही, आणि तरी लोकांच्या मुठी वळल्या आहेत. हे कुठं शिकला हा? असं तिच्या मनात येतंय तोवर तिच्या लक्षात आलं की ती खुर्चीतून अर्धी उठली आहे, एका हातानं पदर सारखा करते आहे, आणि पाय निघाले आहेत. कुठं? "आवो ताई, कुठं निघाल्या? आता तर रंगात आलंय," सुमनबाई म्हणाल्या. "पाणी आणायला," शुभांगी म्हणाली, आणि म्हणता म्हणता जागच्या जागी थांबली. पाणी कुणी मागितलं होतं?

घरी तो आवाज आला की ती पाणी आणायला उठत असे. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं. नाथारावांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, पगार घरात. कारखान्यातले लोक म्हणत, असा सभ्य माणूस मिळायचा नाही, आणि ते खरंच होतं. आवाजसुद्धा कधी चढला नाही त्यांचा. रागावले की ते तिला अहोजाहो करत. "बसा, शुभांगीबाई. बसून घ्या. मी सांगतो ना." पाहुण्यांसमोर तिनं एखाद्या गोष्टीवर काही म्हटलं की ते हसून, अगदी मायेनं म्हणत, असू द्या, आमच्या ह्यांना नाही कळायचं ते. पाहुणे हसत. तीही हसे, आणि पाणी आणायला उठे. त्यात तक्रार करण्यासारखं काय होतं? सटाण्याला आईजवळ एकदा सांगून बघितलं होतं. आई म्हणाली, अगं मग बोलले काय ते? आणि तिला एक वाक्य सांगता आलं नाही, कारण वाक्यात काही नव्हतंच. सगळं त्या आवाजात होतं, त्या थांबण्यात, ज्याचा पुरावा देता येत नाही. सुयशची दहावीची मार्कशीट त्यांनी अशीच दोन्ही हातांनी धरून वाचली होती, घडी घातली होती, चष्मा पुसला होता. असू दे. तुझी चूक नाही. तुला झेपत नाही, एवढंच. पोरगं दोन दिवस जेवलं नव्हतं आणि तिला वाटलं होतं, ताप असेल.

आणि आता तो आवाज इथं होता, झुंबरांखाली, चारी बाजूंनी दोर लावलेला, वरून दिवे सोडलेले. आणि शे-दोनशे माणसं त्याला ओळखत होती. कुणी त्यांना समजावून सांगितलं नव्हतं. या सुमनबाई, झेंडूवाल्या, यांनी तर आयुष्यात पहिल्यांदा रेसलिंग बघितलं, आणि एका वाक्यात त्यांना उमगलं होतं की हा माणूस मारत नाही तरी मारतोय. शुभांगीनं खुर्चीची कड घट्ट धरली. आपण इतकी वर्षं एकटीनं ऐकलेलं इतक्या लोकांना एकदम ऐकू येतंय, या गोष्टीची तिला अक्षरशः चक्कर आली.

घंटा वाजली. ओम धावून गेला तर सज्जनराव बाजूला झाले आणि त्यांनी पंचाला नियम समजावून सांगितला. ओमनं पकडलं तर त्यांनी दोराला हात लावला, हळूच पंचाचं बोट तिकडे वळवलं आणि नियमाप्रमाणे सोडायला लावलं. मग पाठमोऱ्या ओमला गुडघ्यानं खाली आणलं, आणि तो उठेपर्यंत मारलं नाही. उठवलं, दोन्ही खांदे धरून सरळ उभं केलं, त्याचे विस्कटलेले केस आपल्या हातानं नीट बसवले, आणि मग छातीवर असा तळहात ओढला की त्या आवाजानं पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं. "आरं सोड त्याला, मेल्या!" सुमनबाईंचा घसा खरवडून निघत होता. पुन्हा उठवलं, पुन्हा केस बसवले. ओम पडला. सज्जनराव माईक मागून घेऊन त्याच्याजवळ बसले, अगदी आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे, आणि म्हणाले, "लागलं का? मी सांगितलं होतं ना."

शुभांगीला कळलं नाही ते कसं झालं. ओरडायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. पोटाच्या तळातून, बेंबीच्याही खालून काहीतरी निघालं, आणि ते गळ्याशी आलं तेव्हा गळा त्याला पुरेना. "गप बस!" आवाज तिचाच होता, पण सटाण्याचा होता, बांधावरून बांधावर हाक मारणाऱ्या तिच्या आजीचा हेल त्याला होता. हॉलमध्ये नेमकी तेव्हा शांतता होती, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. सुमनबाईंनी चमकून तिच्याकडे बघितलं, आणि मग त्यांचा सगळा चेहरा उजळला. "गप बस!" त्यांनी दुप्पट जोरात री ओढली आणि टाळी वाजवली. सातपूरकरांतल्या कुणीतरी उचललं. मग पोरांनी. "गप बस! गप बस!" टाळ्या आणि पाय, खुर्च्या सरकल्या, वरची झुंबरं किणकिणायला लागली. टीव्हीवर तिनं असे गजर हजारदा ऐकले होते आणि दर वेळी तिला प्रश्न पडे, की पहिला कोण असतो? इतक्या लोकांत पहिल्यांदा कुणाचं तोंड उघडतं, त्याला कसं वाटत असेल? आता ती त्या आवाजाच्या आत उभी होती. कधी उभी राहिली हेही कळलं नव्हतं. तो आवाज तिचा राहिला नव्हता, तो तिच्या पाठीशी होता, डोक्यावर होता, छातीच्या पिंजऱ्यात होता. तिनं तोंड मिटलं असतं तरी तो चालूच राहिला असता, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

रिंगमध्ये सज्जनराव उठून उभे राहिले. त्यांनी ती दिशा शोधली आणि पंजा तसाच खाली दाबत म्हणाले, "कोण बोललं ते? बसा बाई. बसून घ्या." दिव्यांच्या झोतात असलेल्या माणसाला अंधारातलं कितपत दिसतं, कोण जाणे. शुभांगी बसली नाही. तिनं पुन्हा ओरडून सांगितलं, आणि अख्ख्या हॉलनं तिच्याबरोबर. सज्जनराव बोलतच राहिले. माईक होता, ओठ हलत होते, पण त्यातलं अक्षर कुणाला ऐकू आलं नाही. तेवढ्यात मागं ओम उठला. सज्जनराव वळले, त्यांचा चष्मा उडाला, शर्टाची बटणं तटातट तुटली, आणि ओमनं त्यांना उचलून पुरतं डोक्यावर धरलं. ते थांबणं ओमनं धरलं, काय धरलं! सगळा हॉल श्वास रोखून वर बघत होता. मग फळीचा आवाज. पंच आडवा झाला आणि एक, दोन, तीन सगळ्यांनी मिळून मोजलं. शुभांगीनंही मोजलं, आणि मोजताना तिला दिसलं की दोन्ही डोळे घट्ट मिटून तिचा सुयश पाठीवर पडलेला आहे. सुमनबाईंनी तिला कवटाळलं. "जिरवली का नाय मेल्याची!" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगाला झेंडूचा उग्र वास येत होता.

स्वयंपाकघरामागं जिथं पंगतीची भांडी घासतात तिथं तो एका बाकावर बसला होता. मानेवर बर्फाचा फडका, अंगावर बटणं तुटलेला तोच शर्ट. पलीकडे ओम कुणाबरोबर तरी सेल्फी काढत होता, त्यानं जाता जाता याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. आईला बघून सुयश सरकला, तिला जागा करून दिली. ती शेजारी बसली. खरकट्या पाण्याची नाली पायाजवळून वाहत होती.

"पप्पा नाही ना आले?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. "बरं झालं. म्हणजे, आले असते तरी त्यांना ओळखू आलं नसतं." मग त्यानं फडक्यातला बर्फ चाचपला. "मी ठरवून नाही केलं, आई. शिकवणारे सर म्हणाले, नाटक करू नकोस. एकटा असतोस तेव्हा स्वतःशी ज्या आवाजात बोलतोस, तो काढ. मी काढला तर हा निघाला." तो हसला, पण ते हसू ओठांतच राहिलं. "डोक्यात हाच बोलत असतो गं. जिममध्ये, बसमध्ये, कुठंही. सगळ्यात भीती कसली वाटते माहितीये? की मी उद्या कुणाशी खरंच असा बोलेन. पण इथं लोक ओरडतात ना, तेव्हा बरं वाटतं. मला नाही ओरडत ते, त्याला ओरडतात. मग तो जरा वेळ थांबतो."

शुभांगीनं त्याच्या कपाळावरचे घामानं चिकटलेले केस मागं सारायला हात उचलला आणि मधेच थांबवला. मग तो हात तिनं त्याच्या गुडघ्यावर ठेवला. हा मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता आणि हे सगळं त्याच्या कानात जात होतं. तिला वाटत आलं होतं की आपण पाणी आणायला उठतो म्हणजे ते आपल्याबरोबर स्वयंपाकघरात येतं आणि तिथंच संपतं.

"आज तर कमालच झाली," तो एकदम ताठ बसत म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सकाळी उठून कोण जिंकलं विचारणारा तो लहान पोरगा शिरला. "ते गप बस! कसलं भारी होतं! पुण्यात, मुंबईत, कुठंच असं झालं नव्हतं. मला पुढचं एक अख्खं वाक्य आठवेना, नुसते ओठ हलवत होतो मी. कोण बाई होती गं ती? तुझ्याच बाजूला कुठंतरी होती. पाहिलंस का तू?"

शुभांगीनं सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिनं खाकरून पुन्हा बघितलं, तर आतून एक फाटका फुसका सूर निघाला आणि तोही विरला. आवाज पार बसला होता. तिनं गळ्यावर हात ठेवला आणि काहीशी ओशाळून त्याच्याकडे बघितलं.

सुयश बघत राहिला. आधी त्याच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली. फडक्यातला बर्फ त्याच्या बोटांतून निसटून खाली नालीत पडला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. "तू?" तो म्हणाला.

तिनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. त्यानं मान झुकवून कान तिच्या ओठांशी आणला. त्याच्या अंगाला घाम आणि बामचा वास होता. तिला खूप काही म्हणायचं होतं, पण तेवढा गळाच शिल्लक नव्हता, आणि जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"पडताना डोळे मिटलेस," ती कुजबुजली. "मिटू नकोस. डोक्यातल्या त्याला दिसू दे, कोण पडतंय ते."